डायरेक्ट

सिद्रामअप्पा सकाळी कामावर आले की सगळ्यात आधी मशिनं बंद पाडायचे. एक-दोन नव्हे, अकराच्या अकरा.

लातूरच्या एमआयडीसीतला आमचा कारखाना ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवायचा. संगणकावर चालणाऱ्या, लोखंड कातणाऱ्या अकरा लेथ एका ओळीत, आणि प्रत्येकीच्या तोंडावर तळहातानं दाबता येईल असं एक लाल बटण. काही अघटित झालं तर ते दाबायचं, मशीन जागच्या जागी थांबतं. बाकीच्यांसाठी ते बटण संकटकाळापुरतं होतं. अप्पांसाठी ते रोजचं होतं. पहिल्या पाळीचे लोक मशीन चालू करतात न करतात तोच अप्पा ओळीतून निघत, प्रत्येक बटण दाबत, मशीन मेलं याची खात्री करून घेत, बटण पिळून सोडवत आणि पुढं सरकत. मग ते मशीन पुन्हा मूळ जागेवर आणून सुरू करायला दोन-तीन मिनिटं जात. सुपरवायझर डोक्याला हात लावून बसायचा.

"काय अप्पा, चालत्या गाडीला रोज खुट्टी घालून राह्यलाव!"

"चालू करायला तुमी समदे हाव की," अप्पा न वळता म्हणत. "बंद करायला मी एकटाच हाय."

अप्पा आमचे इलेक्ट्रिशियन. औश्याचे, लिंगायत घरातले. रोज सकाळी एसटीनं यायचे. शर्टाला इस्त्री, खिशात टेस्टर, अंगठी नाही, घड्याळ नाही. गळ्यातलं लिंग लोंबू नये म्हणून पांढऱ्या कापडात गुंडाळून छातीशी आवळून बांधलेलं. "देव बी आवळून बांधावं लागतंय मशीनपाशी," म्हणायचे. नव्यानं लागलेल्या माणसाच्या मनगटातला लाल धागा ते पहिल्याच दिवशी कात्रीनं कापत, आणि तो कुठल्या देवस्थानचा आहे हे कापून झाल्यावर विचारत. तोंड फटकळ. साहेबालाही सोडायचे नाहीत आणि झाडूवाल्यालाही नाही. मी टाइम ऑफिसात हजेरी लिहिणारा कारकून. त्याआधी नायगावकडे एका विनाअनुदानित शाळेत सात वर्षं बिनपगारी मराठी शिकवलं होतं, म्हणून सगळे मला मास्तर म्हणायचे. अप्पाही म्हणायचे, पण त्यांच्या 'मास्तर'मध्ये थोडी कीव असायची.

काही शब्द त्यांच्या कानावर पडले की कपाळावरची शीर उडायची. 'ॲडजस्ट' हा एक. 'तात्पुरतं' हा दुसरा. आणि या दोघांचा बाप म्हणजे 'डायरेक्ट'.

आमच्या भागात डायरेक्ट म्हणजे काय हे लहान पोरालाही ठाऊक आहे. पंख्याचं बटण बिघडलं, नवं आणायचा कंटाळा आहे, तर त्याच्या दोन्ही तारा एकत्र पिळायच्या आणि बटण मधून उडवायचं. पंखा डायरेक्ट झाला. विहिरीवरची मोटर डायरेक्ट, पिठाची गिरणी डायरेक्ट, अर्धा मराठवाडा डायरेक्टवर चालतो आणि त्याची आपल्याला लाज नाही, उलट अभिमान आहे. कारखान्यातही तेच. दार उघडलं की मशीन थांबवणारा स्विच सारखा कुरकुरतोय? मारा डायरेक्ट. वर शाबासकी घ्या, की बघा, उत्पादन थांबू दिलं नाही.

एकदा नव्या सुपरवायझरनं अप्पांना भर कामात सांगितलं, "अप्पा, तेवढं चार नंबर डायरेक्ट करून द्या ना."

अप्पांनी हातातला पाना खाली ठेवला. "डायरेक्ट फक्त यष्टी असती. लातूर-नांदेड, विनाथांबा. मधी कुनी चढत न्हाई, उतरत न्हाई. मशीन डायरेक्ट केलं की माणूस डायरेक्ट जातंय. कुठं जातंय ते तुमाला म्हाईत हाय."

त्या लाल बटणाची वायर कशी चालते हे त्यांनी मला एकदा जेवणाच्या सुट्टीत समजावलं. डब्यातली ज्वारीची भाकरी एका हातात आणि दुसऱ्या हातात वायरचा तुकडा. "मास्तर, कारखान्यातल्या बाकी समद्या वायरी जित्या असल्यावर काम करत्यात. ही एकटी अशी हाय की मेल्यावर बी करते. हिच्यातून सारखा करंट फिरतोय. बटन दाबलं, करंट तुटला, मशीन बंद. उंदरानं वायर कुरतडली, तरी करंट तुटला, तरी मशीन बंद. मंजी बिघडली तरी माणसाच्याच बाजूनं बिघडते. किती इमानी हाय बघा. आन् आपन काय करतोत? तिलाच शॉट मारून मुकी करतोत."

हे त्यांनी मला सांगितलं तसंच सगळ्या ऑपरेटरांना सांगितलेलं होतं. विशेषतः सुनीताला. सुनीता तीन वर्षांपासून लेथवर होती. दोन मुली, नवरा ऑटो चालवायचा, आणि अख्ख्या मशीन शॉपमध्ये अप्पांची नक्कल करायची हिंमत तिच्या एकटीतच. साडीवर ढगळ निळा कोट घालून ती अप्पांच्या चालीनं ओळीतून जायची, हवेत बटणं दाबत. अप्पा बघायचे आणि चक्क हसायचे. तिला त्यांनी एकच गोष्ट घोकून घेतली होती. काही झालं तर इचार करायचा न्हाई, हाक मारायची न्हाई, आधी बटन.

आता एका नारळाकडं येतो, कारण तिथूनच माझं डोकं फिरायला लागतं.

खंडेनवमीला आमच्याकडं मशिनांची पूजा असते. असावी, त्याला माझी ना नाही. ज्यावर पोट चालतं त्याला हात जोडावेत. पण लाल, गोल, समोर आलेलं असं ते बटण बघितलं की प्रत्येकाला हळदीकुंकू तिथंच लावावंसं वाटतं. शेंदराचा देवच वाटतं लोकांना ते. म्हणून अप्पा दरवर्षी आदल्या दिवशी अकरा प्लास्टिकच्या पिशव्या आणून अकरा बटणांवर रबरानं बांधायचे. त्या वर्षी पुण्याहून कुणी बडे पाहुणे पूजेला येणार होते, फोटो निघणार होते. प्लँटचे मोठे साहेब फेरी मारायला आले आणि म्हणाले, "हे काय, किती वाईट दिसतंय! काढा त्या पिशव्या." काढल्या. मग साहेबांनी स्वतः नऊ नंबरच्या मशीनवर, बटणाच्या पेटीच्याच कडेवर, नारळ फोडला. एका दणक्यात फुटला, टाळ्या पडल्या. पाणी पेटीत गेलं. वर कुंकवाचा थर बसला तो वेगळाच.

पंधरा दिवसांत आतले करंट जोडणारे पितळी तुकडे हिरवे पडले. नऊ नंबर चालता चालता आपोआप थांबायला लागलं. वायर इमानदार होती ना! तिला काहीतरी बिघडलंय हे कळत होतं आणि ती माणसाच्या बाजूनं बिघडत होती. अप्पांनी पेटी उघडली, साफ केली, दोन दिवस चाललं, पुन्हा तेच. नवं बटण मागवायचा कागद त्यांनी खरेदी विभागात दिला. पाच-पंचवीस हजाराची वस्तू नव्हे ती, डब्यात मावेल एवढं बटण. कागद टेबलावरून टेबलावर फिरला. इकडं माल अडला, आणि मोठ्या साहेबांनी अप्पांना केबिनमध्ये बोलावलं.

आत काय झालं ते मला ठाऊक नाही. बाहेर आले तेव्हा कपाळावरची शीर दिसत होती. त्या दुपारी अप्पांनी नऊ नंबर डायरेक्ट केलं. स्वतःच्या हातानं. मशीन थांबवणाऱ्या सगळ्या स्विचांच्या साखळीच्या दोन टोकांत एक वायर घातली, म्हणजे बटणही मुकं झालं आणि दाराचा स्विचही. रजिस्टरात स्वतःच्या अक्षरात लिहिलं : 'नऊ नंबर डायरेक्ट केले. तात्पुरते. बटन आल्यावर काढणे.' खाली सही.

तात्पुरते! अप्पांच्या हातून हा शब्द लिहिला गेला. बटण काही आलं नाही. कामच चालू होतं म्हटल्यावर कोण आणतो? आपल्याकडं बिघडलेलं दुरुस्त होतं, चालणारं कधीच होत नाही. दर आठवड्याला अप्पा खरेदीवाल्यांशी भांडून यायचे. सकाळची फेरी चालूच होती, पण आठ नंबरचं बटण दाबून झालं की ते दोन्ही हात खिशात घालत आणि दहा नंबरपाशी बाहेर काढत. हे मी खिडकीतून रोज बघायचो. मला वाटायचं, थंडी वाजत असेल.

माघातल्या एका सकाळी नऊ नंबरवरचा ऑपरेटर लग्नाला हिमायतनगरला गेला आणि ऐन पाळीत सुनीताला तिथं उभं केलं. तिला कुणी काही सांगितलं नाही. सुपरवायझरनं नाही, हजेरीत बदल मीच लिहिला, तरी मीही नाही, आणि अप्पा त्या वेळी छतावर पंख्याच्या मागं लागलेले. लोखंड कातताना निघालेली लांब तार मशीनच्या फिरत्या चाकाला गुंडाळली, म्हणून तिनं दार उघडलं. दार उघडलं की चाक फिरणं बंद व्हायला हवं, आत हात घालायला हरकत नाही, असं ती तीन वर्षं बघत आली होती. चाक थांबलं नाही. तारेनं हातमोजा ओढला. सुनीतानं आरडाओरडा केला नाही. शिकवल्याप्रमाणं डाव्या हातानं बटण मारलं. पुन्हा मारलं. तिसऱ्यांदा मारलं तेव्हा शेजारच्यानं पळत जाऊन मागचा मेन स्विच पाडला. तोवर उजव्या हाताची दोन बोटं गेली होती.

दुसऱ्या दिवशी नऊ नंबरला नवंकोरं बटण बसलेलं होतं. तीन महिने न आलेलं बटण एका रात्रीत आलं! वायर नाहीशी, आणि रजिस्टरातलं ते पानही नाहीसं. कारखान्यांच्या तपासणीचे सरकारी साहेब नांदेडला बसायचे. ते येऊन बघून गेले तेव्हा सगळं कसं आरशासारखं लख्ख होतं. त्यांनी सांगितलं, कामगारांचे जबाब मराठीत लिहून नांदेडला घेऊन या.

आणि ते जबाब मी लिहिले. अक्षर चांगलं, मराठी शुद्ध, मास्तर आहेत, म्हणून मी.

सहा जण आले. सहाही जण एकच वाक्य बोलले, "साहेब, नऊ नंबरचं बटन डायरेक्ट होतं." मी 'डायरेक्ट' लिहायला गेलो तर शेजारी बसलेले, कामगारांच्या नेमणुका-रजा बघणारे पर्सनलचे साहेब गोड आवाजात म्हणाले, "मास्तर, सरकारी कागद आहे. इंग्रजी शब्द नको. डायरेक्टला मराठीत थेट म्हणतात ना?" म्हणतात. मी लिहिलं : 'सदर यंत्राचे आपत्कालीन बटण थेट जोडलेले होते.' सहा वेळा लिहिलं. झोकदार अक्षरात. सहा जणांनी खाली सह्या केल्या, वाचलं कुणी नाही, कारण मास्तरांनी लिहिलंय.

मला अर्थ माहीत नव्हता असं म्हणायची सोय नाही. माझ्या घरचा पंखा तेव्हा डायरेक्ट होता. शुद्ध शब्द मिळाला आणि त्या आनंदात मी अर्थ विसरलो. शब्द शुद्ध केला आणि साक्ष नासवली. बटण थेट जोडलेलं, म्हणजे उत्तम चालू. उत्तम चालू असून मशीन थांबलं नाही, म्हणजे बाईनं दाबलंच नाही. म्हणजे कामगाराचा निष्काळजीपणा. दोन बोटं गेली आणि वर दोषही तिचाच. ही असली करामत करायला पर्सनलच्या साहेबांना एक मराठीचा मास्तर पुरला.

अप्पांचा जबाब शेवटी होता. ते माझ्या टेबलाशी आले, चष्मा लावला आणि आधीचे कागद मागून घेतले. पहिला वाचला. दुसरा वाचला. मग सहाही बाजूला ठेवून माझ्याकडं बघितलं.

"मास्तर, तिची दोन बोटं मशीननं नेली. उरलेली तुमी नेली की हो."

मी काही बोलायच्या आत पर्सनलचे साहेब त्यांना खांद्याला धरून बाजूला घेऊन गेले. टाइम ऑफिस केवढंसं, मला सगळं ऐकू आलं. "अप्पा, शांत डोक्यानं ऐका. त्या शब्दात कुणीच अडकत नाही. वायर नव्हतीच, तर ती लावली कुणी हा प्रश्नच येत नाही. तुम्हाला किती राहिलं? दीड वर्ष. सन्मानानं घरी जाल. मशीनला हात कुणाचा लागला होता ते तुम्हालाच माहीत आहे."

म्हणजे माझा तो नासका शब्द अप्पांनाही वाचवत होता! अप्पांनी एकदाही मान हलवली नाही. जबाबावर सही न करता ते निघून गेले. त्या दिवशी आपल्याला वाटलं की ते घाबरले. हो, मला तसं वाटलं. मी स्वतः घाबरलेला होतो, म्हणून सगळे घाबरलेले दिसायचे.

नांदेडच्या सुनावणीला कागद घेऊन मला पाठवलं होतं. सुनीता आणि तिचा नवरा आले होते. पर्सनलचे साहेब होते. आणि अप्पा न बोलावता आले, बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक फळी. तपासणीचे साहेब पश्चिम महाराष्ट्रातले, शांत गृहस्थ. माझे कागद वाचून ते म्हणाले, "सहा साक्षीदार सांगतात की बटण थेट जोडलेलं होतं. मग बाई, तुम्ही ते दाबलं असतं तर..."

"तीनदा दाबलं साहेब," सुनीता म्हणाली. पदराखालचा हात तिनं बाहेर काढला नाही.

अप्पा उठले. फळी टेबलावर ठेवली. तिच्यावर एक दिवा, एक लाल बटण, दोन वायरी. भिंतीतल्या सॉकेटला लावली. दिवा लागला.

"दाबा साहेब."

साहेबांनी दाबलं. दिवा विझला. अप्पांनी बटण पिळून सोडवलं, खिशातून वितीएवढी वायर काढून दोन स्क्रूंमध्ये अडकवली. "आता आमच्या भाषेत हे डायरेक्ट झालं. दाबा."

साहेबांनी दाबलं. दिवा तसाच. पुन्हा दाबलं. मग जरा जोरात दाबलं, माणूस कसा आपोआप जोर करतो तसं. तिसऱ्यांदा दाबून त्यांनी हात मागं घेतला आणि सुनीताकडं बघितलं. 

"ह्या मास्तरनं ज्याला थेट लिवलंय ना, ते हे," अप्पा म्हणाले. "आन् ही वायर म्या लावली. सिद्रामअप्पा, राहणार औसा. लिवा."

पर्सनलचे साहेब अर्धवट उठले. तपासणीच्या साहेबांनी त्यांना हातानंच बसवलं. "कुणाच्या सांगण्यावरून?"

"सांगणारे लई असत्यात साहेब. हात माझा हुता. पन माझं नाव लिवून कलम खाली ठिवू नका. बटनावर नारळ कुनी फोडला, तीन महिने कागद कुनाच्या टेबलावर पडून होता, एका रातीत बटन कसं आलं, रजिस्टराचं पान कामून फाटलं, हे बी इचारा. माझ्या एकट्याच्या मानगुटीवर समदं बसवून घरी जाऊ नका. मी गलत हाय, पन मी एकटा न्हाई."

मग साहेबांनी मला विचारलं, "हे 'थेट' कामगारांचा शब्द की तुमचा?" मी सांगितलं, माझा. एवढं एक वाक्य बोलायला मला जितका घाम फुटला तितका सात वर्षांच्या बिनपगारी नोकरीत फुटला नव्हता. सहाही जबाबांत मी त्यांच्यासमोर दुरुस्ती केली. कामगार पुन्हा बोलावले गेले, पुन्हा सह्या झाल्या.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो. सुनीतावरचा ठपका पुसला गेला, कायद्यानं मिळायचं ते तिला मिळालं. अप्पांना सुनावणीच्या दुसऱ्याच दिवसापासून घरी बसवलं. मोठ्या साहेबांची बदली झाली, मोठ्या कारखान्यावर, मोठ्या पगारावर, आणि निरोपाच्या भाषणात सुरक्षिततेविषयी त्यांना असलेल्या तळमळीचा दोनदा उल्लेख झाला. मीही तिथं होतो. टाळ्या वाजवल्या नाहीत, एवढाच माझा पराक्रम. आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

पण अप्पांना मी शेवटचं बघितलं ते त्या सुनावणीच्याच दिवशी, नांदेडच्या बसस्थानकावर. लातूरची गाडी लागायची होती. सुनीता आणि तिचा नवरा एका बाकावर, मी मधे उभा, आणि अप्पा पार टोकाच्या बाकावर, फळी मांडीवर घेऊन. आत इतकं तडातडा बोललेला माणूस, बाहेर आल्यापासून तिच्याकडं बघत नव्हता. शेवटी तीच उठून त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. मला वाटलं, पाया पडते की काय. अप्पांनाही तेच वाटलं असावं, ते घाईनं उभे राहिले.

"अप्पा," सुनीता म्हणाली. आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. "नऊ नंबरचं बटन बंद हाय, एवढं तुमी मला सांगायचं होतं. मी काम केलं असतं की. फकस्त हात आत घातला नसता."

अप्पांचं तोंड उघडलं. त्यातून नुसतं "हाव" आलं. मग पुन्हा "हाव बाई." तिनं मान हलवली आणि ती नवऱ्याकडं गेली.

गाडी लागली. त्या दोघांना पुढं जागा मिळाली. मी पायरीवरून हाक मारली, "अप्पा, चला, जागा आहे."

"तुमी व्हा पुढं मास्तर. मी मागल्या गाडीनं येतो."

मागली गाडी दोन तासांनी होती. आमची गाडी मागं घेऊन वळली तेव्हा ते बसले नव्हते, सुनीता जिथं उभी होती तिथं बघत तसेच उभे होते.